पाठीमागे झाड असेल तर : रोल कास्ट, वस्ताद आणि परीक्षा

नदीकाठी उभे राहून गळ टाकायचा आहे आणि पाठीमागे दाट झाडी आहे. काठी मागे झुगारली तर दोरी फांद्यांत गुंतणार. या साध्या अडचणीतून एक डाव घडला आणि पुढे तो प्रशिक्षकांच्या परीक्षेत जाऊन बसला. त्याचे नाव रोल कास्ट. गोष्ट स्कॉटलंड-अमेरिकेची असली, तरी तालमींच्या कोल्हापुराला तिच्यातले बरेच काही ओळखीचे वाटेल. (थ्रेड)

आधी फ्लाय फिशिंग म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडच्या गळाला शिसे किंवा आमिष असते. ते जड असते, म्हणून दोरीला आपल्यामागे ओढत नेते. फ्लाय फिशिंगमधले आमिष म्हणजे पिसे आणि धागा गुंडाळून केलेली कृत्रिम माशी. तिला वजन जवळजवळ नाहीच. त्यामुळे वजन दोरीत ठेवावे लागते आणि फेकायची असते ती दोरी. ती आधी मागे हवेत सरळ पसरू द्यायची, मगच पुढे सोडायची. म्हणजे पुढे जेवढे अंतर गाठायचे, साधारण तेवढीच मोकळी जागा पाठीमागे हवी.

रोल कास्टमध्ये दोरी मागे फेकतच नाहीत. पाण्यावर पडलेली दोरी काठीच्या टोकाने सावकाश मागे ओढायची, टोक खांद्यामागे आले की क्षणभर थांबायचे. आता दोरीचा झोल काठीमागे लोंबतो. बाजूने पाहिले तर काठी आणि झोल मिळून इंग्रजी डी अक्षर दिसते. दोरीचा पुढचा भाग अजून पाण्याला चिकटलेला असतो. नेमकी हीच पकड कामाला येते. तिच्या आधारावर काठी पुढे झटकून थांबवली की झोल चटईसारखा उलगडत पाण्यावर पुढे जातो. पाणी सोडले, तर या डावाला तोलायला दुसरे काहीच नाही.

हा डाव प्रथम कोणी लावला, हा प्रश्न व्यर्थ आहे. असे डाव कोणा एकाचे नसतात. त्याच घराण्यातला स्पे कास्ट मात्र स्कॉटलंडमधील स्पे नदीचे नाव लावतो. तिथले चढे, झाडीचे काठ आणि सॅमन मासा यांनी तो घडवला. एकोणिसाव्या शतकातल्या काठ्या दोन्ही हातांनी पेलायच्या, पंधरा-अठरा फुटी, पुढे पुढे ग्रीनहार्ट या दक्षिण अमेरिकी लाकडाच्या. जमीनदारांसोबत गिली म्हणून ओळखले जाणारे वाटाडे-मदतनीस असत. नदीचा कोणता कोपरा कोणत्या हाताने साधायचा, हे त्यांना ठाऊक असे. शिकवणे म्हणजे शेजारी उभे राहणे. कागद नव्हता, पदवी नव्हती.

याच काळात इंग्रज अधिकारी आपल्या काठ्या भारतात आणत होते. मद्रास मुलकी सेवेतील हेन्री सलिव्हन थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ १८७३ मध्ये मंगळूरहून निघाले. त्याचा नायक महाशीर. पण महाशीर धरायला धातूचा चमचा, छोटा मासा, पिठाची गोळी अशी वजनदार आमिषेही चालत. वजन आमिषातच आल्यावर रोल कास्टला इथे रुजायला फारसे कारण उरले नाही.

दख्खनच्या माशांची लिखित नोंद त्याहून जुनी आहे. लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महाशीराला शास्त्रीय नाव दिले ‘खुद्री’. दुसऱ्या एका माशाला ‘कोळस’, तिसऱ्याला ‘शिंगाळा’. हे शब्द लॅटिन नव्हेत, इथल्या बोलीतले आहेत; मासा ओळखणाऱ्या माणसांच्या तोंडून ते वहीत गेले. शास्त्रीय नावांपुढे आजही साइक्स लागतो. सांगणाऱ्याचे नाव लागत नाही. पंचगंगेवर फेकजाळे टाकणाऱ्या भोयाचे कसबही असेच बिननोंदीचे. जाळे हवेत गोल उघडायचे कसे, हे पोरगा बापाच्या हाताकडे पाहून शिकतो.

अशा कसबाची परीक्षा घेण्याची गरज पडते ती शिकणारा आणि शिकवणारा एकमेकांचे शेजारी उरत नाहीत तेव्हा. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लासच्या काठ्या आल्या, १९५० च्या दशकात प्लास्टिकचा थर दिलेल्या दोऱ्या आल्या. छंद पसरला, शुल्क घेऊन शिकवणारेही वाढले. ब्रिटनमध्ये १९७१ मध्ये व्यावसायिक प्रशिक्षकांची संघटना उभी राहिली. अमेरिकेत १९६५ मध्ये स्थापन झालेल्या फेडरेशन ऑफ फ्लाय फिशर्सने १९९२ मध्ये प्रशिक्षक-प्रमाणपत्र सुरू केले. त्यामागे सॅन फ्रान्सिस्कोचे नामवंत शिक्षक मेल क्रिगर यांचा मोठा आग्रह होता.

या परीक्षेचा सर्वांत शहाणा भाग असा की तिथे नुसते अचूक फेकून भागत नाही. उमेदवाराने डाव बरोबर करून दाखवायचा, समजावून सांगायचा आणि मग मुद्दाम बिघडवूनही दाखवायचा. मागे झोल पुरेसा होऊ न देता घाई केली तर दोरी ढिगासारखी समोरच कोसळते. काठी कुऱ्हाडीसारखी खालपर्यंत आपटली तर झोल मोठा, गोल आणि दुबळा होतो. पाण्याला फार दोरी चिकटली तर सगळा जोर ती सुटण्यातच जातो. हे दोष हुकमी करता येणे, ओळखता येणे आणि दुरुस्त करता येणे ही शिक्षकाची खरी कसोटी. पट्टीच्या मल्लाला डाव येतो. पण नवख्याचा पाय नेमका कुठे चुकला, हे वस्तादाला दिसते.

अडचण येते ती जमिनीची. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये केवळ फेकीच्या सरावासाठी बांधलेले तलाव १९३८ पासून आहेत. पण अशी सोय सर्वत्र कुठली? मग सराव हिरवळीवर होतो. साधी फेक गवतावर बेलाशक जमते. रोल कास्ट मात्र फसतो, कारण गवत दोरी धरून ठेवत नाही, ती घसरत मागे येते. यावर तोड निघाली ती गाठींची. दोरीच्या टोकाशी जोडायच्या धाग्याला ठिकठिकाणी गाठी मारून त्यांची आखूड, ताठ टोके मुद्दाम तशीच ठेवतात. ती पात्यांत अडकतात आणि पाण्याने द्यायची पकड गवताकडून मिळते.

पायाखालची जमीन बदलली की डाव कसा परका होतो, हे कोल्हापूरने स्वतः अनुभवले आहे. शाहू महाराजांच्या काळात, १९१२ मध्ये खुले झालेले खासबाग मैदान लाल मातीचे. ऑलिम्पिकची कुस्ती मॅटवरची. राजाराम कॉलेजचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला गेले आणि फ्लायवेट गटात सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीत बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. नऊ वर्षांनी, १९६१ मध्ये, पतियाळात राष्ट्रीय क्रीडा संस्था स्थापन झाली आणि कुस्तीच्या प्रशिक्षकालाही पदविका मिळू लागली. मातीच्या वस्तादाला ओळखण्यासाठी मात्र तालमीत आजही कोणी कागद मागत नाही. त्याचे पठ्ठे कोण, एवढेच विचारतात.