निशाणी डाव्या हाताचा अंगठा

जुन्या खरेदीखतावर सहीच्या जागी काळपट ठसा असतो आणि त्याच्या भोवती कारकुनाच्या अक्षरात लिहिलेलं असतं, 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा'. ज्याला लिहिता येत नाही त्याची ही सही. 'अंगठेबहाद्दर' हा हिणवणारा शब्द इथूनच आला. मला तो कधीच आवडला नाही. सही गिरवता येते. दुसऱ्याच्या अंगठ्यावरच्या रेघा आपल्या अंगठ्यावर आणता येत नाहीत.

28 जुलै 1858. बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या पंचविशीतल्या मुलकी अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराशी रस्त्याच्या खडीचा करार केला. सरकारी शिक्क्याची तेलकट शाई कोनाईच्या तळहाताला लावून कराराच्या कागदावर पंजा उमटवून घेतला. 'ही सही माझी नाहीच' असं त्याने पुढे म्हणू नये, एवढाच धाक त्यात होता. म्हणजे मुळात हा साहेबाचा रयतेवरचा अविश्वास. पण हर्शेलला नाद लागला. वर्षानुवर्षं तो ठसे जमवत राहिला, स्वतःचेही, आणि वय वाढलं तरी रेघा तशाच राहतात हे त्याच्या ध्यानात आलं.

गुन्हेगार ओळखायला हे ठसे वापरायचे, तर पुढची अडचण मोठी होती. हजारो गुन्हेगारांचे ठसे कपाटात आहेत. आज पकडलेल्या माणसाचा कागद त्यातून काढायचा कसा? ही गाठ सुटली कलकत्त्यात, पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली. सोडवणाऱ्यांत होते काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस. हक गणिताचे विद्यार्थी.

लहानपणी आपण बोटांवरची चक्रं आणि शंख मोजायचो. इथेही चक्रंच मोजली गेली. दहा बोटांच्या पाच जोड्या केल्या. पहिल्या जोडीत चक्र असेल तर त्याची किंमत 16, पुढच्या जोड्यांत 8, 4, 2 आणि 1. चक्र नसेल तर शून्य. प्रत्येक जोडीतल्या एका बोटाची किंमत वर, दुसऱ्याची खाली. दोन्ही बेरजांत एकेक मिळवायचा. एकही चक्र नसेल तर 1 वर 1, दहाही बोटांवर असेल तर 32 वर 32. असे 32 गुणिले 32, म्हणजे 1024 कप्पे. हवा तो कागद ज्याच्या त्याच्या कप्प्यात. त्या काळी बंगालचे पोलीस गुन्हेगाराच्या अंगाची मोजमापं घेऊन ओळख ठेवत. त्या पट्ट्या आणि कंपास यापुढे मागे पडले. 1897 मध्ये कलकत्त्यात ठसे विभाग सुरू झाला, 1901 मध्ये लंडनच्या स्कॉटलंड यार्डात.

पहिली मोठी कसोटी जलपायगुडीची. चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. त्याच्या सामानात एक बंगाली पंचांग सापडलं, त्यावर तपकिरी डाग. ते जुळले एका जुन्या नोकराच्या उजव्या अंगठ्याशी. पूर्वी चोरीत शिक्षा झाल्यामुळे त्याचा ठसा दप्तरी होता. 1898 मध्ये न्यायालयाने त्याला चोरीसाठी दोषी धरलं, खुनातून मात्र सोडलं. ठशावरून तो तिथे होता इतकंच सिद्ध होत होतं, वार कुणी केला हे नव्हे. पहिल्याच मोठ्या खटल्यात न्यायालयाने पाळलेली ही मर्यादा मला त्या शोधाइतकीच मोलाची वाटते.

पद्धतीला नाव मिळालं हेन्री यांचं. हक यांना पुढे खानबहादूर, बोस यांना रायबहादूर असे किताब मिळाले. या कामात आपल्या हाताखालच्या माणसांपैकी सर्वांत मोठा वाटा हक यांचा होता, हे हेन्री यांनी 1926 मध्ये पत्रातून कळवलं. तोवर 'हेन्री पद्धत' हे नाव जगभरच्या पोलीस ठाण्यांत रुळलं होतं. पुस्तकांत ते आजही तसंच छापलं जातं.