वाट मोकळी करणारा वीर : मेजर रामा राघोबा राणे

आमच्या मंडळाच्या सभागृहात शिवछत्रपतींची तसबीर आहे, बाजीप्रभूंची आहे, झाशीच्या राणीचीही आहे. मेजर रामा राघोबा राणे यांची मात्र नाही. पन्नास वर्षांत ती लावावी, असे आम्हां कोणासच सुचले नाही. तलवार उपसलेला वीर चटकन नजरेसमोर उभा राहतो. पालथा पडून मातीत सुरुंग चाचपणारा राहत नाही, हेच बहुधा त्याचे कारण असावे.

राणे यांचा जन्म २६ जून १९१८ चा. घराणे कारवारजवळच्या चेंडिया गावचे, वडील पोलीस शिपाई. बदल्यांमुळे मुलाचे शिक्षण गावोगाव झाले. कारवारकर त्यांना कोकणी म्हणतात, कर्नाटक त्यांना आपला सुपुत्र मानते. दोन्ही खरे आहे. आम्ही मालकी सांगत नाही, नाते तेवढे सांगतो. १० जुलै १९४० रोजी ते किर्कीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले. सॅपर म्हणजे सैन्यातला हुन्नरी हात : पूल बांधणे, रस्ता काढणे, सुरुंग पेरणे आणि उपसणे, सारे उघड्या आभाळाखाली. पुढे ब्रह्मदेशात माघार घेताना बुथिडाँग येथील सामग्री नष्ट करण्यासाठी त्यांची तुकडी मागे ठेवली गेली. न्यायला यावयाची नौका आलीच नाही. जपानी पहारा चुकवून, नदी ओलांडून ही माणसे आपल्या डिव्हिजनला जाऊन मिळाली.

एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे सैन्य निघाले. नोव्हेंबर १९४७ पासून राजौरी हल्लेखोरांच्या ताब्यात होती आणि तेथील नागरिकांची कत्तल झाली होती. मदतीला लागणारा प्रत्येक दिवस प्राणांशी बांधलेला होता. वाट जुन्या मोगल मार्गाची, ज्यावरील चिंगस येथे जहांगीर बादशहाची आतडी १६२७ मध्ये पुरली असे सांगतात. शत्रूने या वाटेवर सुरुंग पेरले होते, झाडे आडवी पाडली होती. रणगाडे पुढे गेल्यावाचून पायदळ पुढे जाईना, आणि सुरुंग निघाल्यावाचून रणगाडे हलेनात.

८ एप्रिलला काम सुरू होताच उखळी तोफांचा मारा झाला. दोन सॅपर ठार झाले, पाच जखमी झाले. जखमींत एकोणतीस वर्षांचे सेकंड लेफ्टनंट राणे स्वतः होते. तरी संध्याकाळपर्यंत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. चालत्या रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत जाऊन, दोरीच्या ओढीने चालकाला खुणा देत त्यांनी सुरुंग हुडकले, असा वृत्तांत आहे. रणगाड्याच्या वेगाने सरपटायचे आणि त्याच वेळी हात स्थिर ठेवायचा, हे आम्ही खुर्चीत बसून फायलींची वाट मोकळी करणाऱ्यांनी नुसते कल्पून पाहावे! जिथे साफसफाई अशक्य होती तिथे त्यांनी वळणरस्ता काढला. १० एप्रिलला चिडाच्या पाच आडव्या झाडांचा, दोन्ही बाजूंनी सुरुंग पेरलेला, मशीनगनच्या माऱ्याखालचा अडथळा दूर केला. ११ एप्रिलला चिंगस गाठले गेले आणि १२ एप्रिलला राजौरी मुक्त झाली.

या चार दिवसांसाठी २१ जून १९५० रोजी त्यांना परमवीरचक्र जाहीर झाले. १९४७-४८ च्या युद्धात ते मिळवणाऱ्या पाच जणांपैकी हयातीत ते स्वीकारणारे दोघेच, राणे आणि करमसिंग. त्यांनी एक वाट मोकळी केली, हा पराक्रम होता.

पुढचे आयुष्य साध्या गृहस्थाचे. विवाह झाला, मुले झाली. १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्ती. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. कारवारच्या किनाऱ्यावर २००६ पासून त्यांचा पुतळा आहे, आणि जानेवारी २०२३ मध्ये अंदमानातील एका बेटाला त्यांचे नाव देण्यात आले.

आमच्या भिंतीवर बाजीप्रभूंच्या उजवीकडे एक खिळा मोकळा आहे. तसबीर करावयास दिली आहे.