नेपथ्यातील ध्वनी

संस्कृत नाट्यसंहितेत ‘नेपथ्ये’ ही रंगसूचना पडद्यामागून येणाऱ्या आवाजासाठी असते. ‘अभिज्ञानशाकुंतला’तील दुर्वासाचा शाप, ज्याच्यावर पुढचे सारे कथानक उभे आहे, प्रेक्षकाला केवळ ऐकू येतो. मराठीत मात्र ‘नेपथ्य’ हा शब्द रंगमंचावरील दृश्यरचनेसाठी रूढ झाला, आणि ध्वनीला वेगळे नावच उरले नाही.

याचे कारण रंगभूमीच्या गरिबीत नव्हे, तिच्या गानसमृद्धीत शोधावे लागते. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हा पदे सूत्रधार गात असे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ आणले तेव्हा ती नटांच्या मुखी आली. पुढे गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गन, सारंगी आणि अहमदजान थिरकवा यांच्यासारख्यांचा तबला साथीला आला. प्रसंगाला उठाव देण्याचे काम पद करीत असल्यामुळे निराळ्या ध्वनियोजनेची निकड कोणाला भासली नाही. (‘शाकुंतला’च्या आदल्याच वर्षी कोपनहेगनमध्ये इब्सेनचे एक नाटक दार बंद होण्याच्या आवाजावर संपले होते.)

ही निकड १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ने रंगमंचावर आणलेल्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात दिसते. इब्सेनचा समकालीन ब्यर्नसन याच्या नाटकावर आधारलेल्या या प्रयोगात केशवराव भोळे यांनी पार्श्वसंगीत, म्हणजे पात्राने न गाता प्रसंगाच्या भावस्थितीला आधार देणारे संगीत, योजले.

टेपरेकॉर्डर आल्यावर ध्वनी हातात धरून कापता येऊ लागला, आणि कामाची खरी रीत तेव्हा घडली. सेकंदाला साडेसात इंच वेगाने धावणाऱ्या फितीवर तीन सेकंदांची शांतता म्हणजे सुमारे सत्तावन्न सेंटिमीटर लांबी. ती पट्टीने मोजावी, पात्याने तिरकी कापावी, चिकटपट्टीने सांधावी आणि दोन ध्वनींच्या मध्ये ‘लीडर’ नावाची कोरी फीत जोडावी, म्हणजे संहितेवर खूण केलेला ‘क्यू’, अर्थात ध्वनी सुरू करण्याचा नेमका शब्द किंवा हालचाल, येताच योग्य जागा सापडे. तरीही तालमीत बांधलेली पातळी दौऱ्यावरच्या प्रत्येक नाट्यगृहात नव्याने बांधावी लागे, कारण भरलेले सभागृह आवाज शोषते आणि रिकामे तो परत फेकते. नट विराम लांबवील तेव्हा फितीने थांबावे हेही ऑपरेटरच्या बोटांनाच ठरवावे लागे, आणि ही जबाबदारी वाद्यसाथीपेक्षा कमी म्हणता येत नाही.

१९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’मध्ये भास्कर चंदावरकरांच्या संगीताने उलट वाट धरली: गाणाऱ्यांची रांगच रंगमंचावर उभी राहिली आणि तीच पडदाही झाली. विंगेतल्या ध्वनीला मात्र असा मान मिळाला नाही. नाटकाच्या श्रेयनामावलीत नेपथ्य आणि प्रकाशयोजना यांना स्वतंत्र ओळ मिळते, तर पावसाची सर, दाराची कडी आणि दूरची आगगाडी ही सारी बहुधा ‘पार्श्वसंगीत’ या एकाच शब्दाखाली जातात.