योजना किती टक्के झाली? टेंभू, आटपाडी आणि मैलाचा दगड

१/ कराडजवळचे टेंभू हे गोपाळ गणेश आगरकरांचे जन्मगाव. तेथेच कृष्णेचे पाणी अडवून पाच टप्प्यांत उचलायचे आणि सांगली जिल्ह्यातील कडेगाव, खानापूर, तासगाव, आटपाडी, कवठेमहांकाळ व पुढे सोलापूरच्या सांगोल्यापर्यंत न्यायचे, अशी ही उपसा सिंचन योजना. मंजुरी १९९६ ची. नियोजित लाभक्षेत्र ८०,४७२ हेक्टर.

२/ या कामांना घाई होती. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी पाणी दिले होते आणि ३१ मे २००० नंतर निवाड्याचा फेरविचार होऊ शकणार होता. त्याआधी आपला वाटा अडवण्यासाठी १९९६ मध्येच महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले.

३/ दुष्काळी तालुक्यांचा प्रश्न मात्र तारखेपुरता नव्हता. १९९३ पासून आटपाडीत क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने पाणी परिषदा भरू लागल्या. पाणी प्रत्यक्ष शिवारात यावे आणि त्याचे समन्यायी वाटप व्हावे, ही मागणी होती.

४/ आता टक्केवारीचे गणित पाहू. समजा, पंपगृहाचे काम १०० दिवसांचे असून ते पूर्ण झाले. कालवा ३०० दिवसांचा असून निम्मा झाला. वेळापत्रकाचे सॉफ्टवेअर कालावधीनुसार हिशेब करते : (१०० + १५०) ÷ ४०० = ६२.५ टक्के.

५/ यात ‘टेलच्या शेतात पाणी पोहोचले’ हा मैलाचा दगड कोठे आहे? त्याचा कालावधी शून्य दिवस, म्हणून सरासरीत त्याचे वजनही शून्य. तो अर्धा होत नाही. एक तर ० टक्के, नाही तर १०० टक्के.

६/ ही कल्पना जुनी आहे. १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी ‘पर्ट’ पद्धत बनवली. तिच्या जाळ्यात ‘घटना’ म्हणजे एक क्षण. वेळ लागतो तो दोन घटनांमधल्या कामाला.

७/ हाच भेद राज्याला २०१२ मध्ये बोचला. आर्थिक पाहणीनुसार दशकभरात पीकक्षेत्रातील सिंचनाचा वाटा १७.८ वरून जेमतेम १७.९ टक्क्यांवर गेला होता. आकड्यांवर वाद झाला. कराडचेच असलेले मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या सरकारने नोव्हेंबरमध्ये श्वेतपत्रिका काढली. ‘निर्मित सिंचन क्षमता’ आणि ‘प्रत्यक्ष सिंचित क्षेत्र’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा सर्वसामान्यांनाही कळले.

८/ यावर उपाय आहे. मैलाच्या दगडांना आधीच गुण ठरवून द्यावेत. उदाहरणार्थ, पंप चालू झाल्यास २०, मुख्य कालव्यात पाणी आल्यास ३०, टेलपर्यंत पोहोचल्यास ५०. दगड पूर्ण गाठला तरच गुण. अर्धवटाला काही नाही.

९/ ६२.५ टक्के हा आकडा खोटा नसतो. तो झालेल्या कामाचा हिशेब असतो. पण आटपाडीच्या शेतकऱ्याला विचाराल, तर चारी कोरडी असेपर्यंत त्याच्या लेखी योजना शून्य टक्केच. म्हणून कोणत्याही योजनेची टक्केवारी वाचताना आधी विचारावे : ही टक्केवारी कशाची? कामाची की पाण्याची?