समासातला आक्षेप

‘इतका गुंतागुंतीचा डोळा आपोआप कसा घडेल?’ उत्क्रांतीवरून घरात वाद पेटला, की श्रद्धाळू बाजूकडून हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न डार्विनहूनही जुना आहे. विल्यम पेली या इंग्रज धर्मोपदेशकाने १८०२ साली ‘नॅचरल थिऑलॉजी’ या ग्रंथात डोळा आणि दुर्बीण शेजारी ठेवले. दुर्बिणीला कर्ता लागतो, मग डोळ्याला नको? तरुण डार्विनला पेलीचा युक्तिवाद पूर्ण पटला होता.

पुढे १८४४ साली डार्विनने आपला सिद्धान्त दीर्घ निबंधात मांडला. आपण अचानक गेलो तर तो छापण्यासाठी ४०० पौंड खर्च करावेत, असं पत्रही पत्नी एमाच्या नावे लिहून ठेवलं. एमा धार्मिक वृत्तीची. तिने हस्तलिखित वाचलं. लहान लहान उपयुक्त बदल साठत जाऊन डोळा घडला असावा, या विधानाशेजारी समासात तिने शेरा मारला: हे फारच मोठं गृहीतक झालं.

१८५९च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये डार्विनने सिद्धान्तावरच्या अडचणींना वेगळं प्रकरण दिलं. डोळा असा टप्प्याटप्प्याने घडला ही कल्पना वरवर पाहता हास्यास्पद वाटते, हे त्यात आधीच मान्य केलं आणि मग प्रकाश जेमतेम जाणणाऱ्या साध्या इंद्रियापासून पुढच्या पायऱ्या दाखवल्या. तरीही १८६०मध्ये आसा ग्रे या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाला त्याने कळवलं, की डोळ्याचा विचार आला की अजून अंगावर काटा येतो.

मधल्या पायऱ्या निसर्गात आजही दिसतात: नॉटिलसच्या डोळ्याला भिंग नाही, नुसतं छिद्र आहे. १९९४ साली निल्सन आणि पेल्गर या संशोधकांनी हिशेब मांडला. प्रकाशसंवेदी सपाट पट्ट्यापासून भिंगाच्या डोळ्यापर्यंत पोचायला, अगदी सावध गृहीतकं धरूनही, चार लाखांहून कमी पिढ्या पुरतात.

आक्षेपाला असं उत्तर मिळत गेलं. पण एमाची खरी काळजी डोळ्याची नव्हतीच. लग्नानंतर लगेच, १८३९ साली, तिने नवऱ्याला पत्र लिहिलं होतं. त्यात भीती होती ती मृत्यूनंतर दोघांची कायमची ताटातूट होण्याची. डार्विनने ते पत्र जन्मभर जपलं. घरातल्या वादात पुष्कळदा डोळ्याआड हीच भीती बोलत असते, आणि पिढ्यांचा हिशेब तिच्यापर्यंत पोचत नाही.