तुकोबांच्या पुलावरून

रविवारी सकाळी एखाद्या मराठी ख्रिस्तमंदिरावरून जाताना आतील भजनाचा सूर कानी आला, तर पाऊल आपोआप थबकते. घाट अभंगाचा, भाव वारकऱ्याच्या ओळखीचा; नाव मात्र ख्रिस्ताचे. या भजनांपैकी कितीतरी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आहेत. कवी म्हणून आपण त्यांना ओळखतो. आज थोडा विचार करावयाचा आहे तो पाळक टिळकांचा.

ख्रिस्तकथा मराठी ओवीत सांगण्याचा उपक्रम त्यांच्याही फार पूर्वीचा. गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मोपदेशकाने रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. परंतु परदेशी माणसाने आपली भाषा आत्मसात करणे वेगळे आणि एतद्देशीय माणसाने नवा धर्म स्वीकारून आपलेपण राखणे वेगळे. टिळकांपुढचा प्रश्न हा दुसरा होता.

त्यांचा जन्म १८६१ साली, कोकणातील करजगावी, चित्पावन कुटुंबात झाला. पुढे आगगाडीच्या एका प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ वाचावयास दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या चित्ताचा ठाव घेतला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी याचा अर्थ घर, गोत आणि ज्ञाती यांस मुकणे असा होता. पत्नी लक्ष्मीबाईंशीही ताटातूट झाली. काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या. पुढे त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. सोवळ्याओवळ्याचे संस्कार आपल्या मनातून कसे गळून पडले, ते त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त मोठ्या निर्मळपणे सांगितले आहे.

अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाने टिळक अहमदनगरास राहिले. तेथे त्यांनी शिकविले, पाळकाची दीक्षा घेतली, भजने रचली, ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादन केले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. यात त्यांची सारी भूमिका आली. पूल ओलांडला म्हणून तो मोडून टाकावा, हे त्यांस मान्य नव्हते. ख्रिस्ताचा स्वीकार म्हणजे संतांचा त्याग नव्हे आणि देशाचा तर नव्हेच.

चर्चचा कारभार पाहता मात्र त्यांच्या मनाला एक शल्य बोचत असे. परदेशातून येणाऱ्या पैशावर पाळक पोसला जाई. अशा पाळकाचे बोल कितीही कळकळीचे असले, तरी शेजाऱ्याला तो मिशनचा पगारदारच वाटणार. मिशनऱ्यांच्या शाळांचे आणि त्यांच्या सेवेचे ऋण टिळक नाकारीत नव्हते. तथापि ऋणाईत राहून मंडळी स्वतःच्या पायावर उभी कशी राहणार?

या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आचरणाने दिले. १९१७ साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची वेतनी चाकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि ‘देवाचा दरबार’ या बंधुसंघाची स्थापना केली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, ही त्यांची मनीषा. बाप्तिस्म्याचे महत्त्व त्यामुळे उणावेल की काय, अशी शंका येणे साहजिक होते. पण जातीच्या आणि पंथाच्या भिंती पाडावयास निघालेल्या धर्माने स्वतःभोवती नवी भिंत घालावी काय, हा टिळकांचा उलट प्रश्नही तितकाच बिनतोड होता.

काळाने त्यांना सवड दिली नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले आणि दरबार फार काळ टिकला नाही. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही अपुरेच राहिले. ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी. ज्या पत्नीने पतीच्या धर्मांतराने एके काळी आकांत मांडला होता, जिला रीतसर शाळा कधी लाभली नव्हती, तिने त्याच ख्रिस्ताची कथा ओवीबद्ध करून शेवटास नेली.

संस्था म्हणून दरबार मोडला, हे खरे. परंतु मराठी ख्रिस्ती माणूस आजही आपल्या देवाला आपल्याच भाषेत, आपल्याच छंदात आळवितो. तेथे त्याला परके वाटत नाही; आणि दाराबाहेर थबकलेल्या आपल्यालाही ते शब्द परके वाटत नाहीत. टिळकांनी राखलेला पूल असा दोन्ही बाजूंच्या लोकांच्या उपयोगी पडत आहे.