फोटोतला मापाचा माणूस

दोस्तांनो, या पानांवर फोटो छापता येत नाही. स्टेन्सिलवर अक्षर उमटतं, फोटोचा मात्र शाईचा डाग होतो. तेव्हा जे दाखवायचंय ते शब्दांनीच दाखवतो.

आपल्या लेण्यांचे, स्तूपांचे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे काळेपांढरे फोटो तुम्ही पाहिलेत. कॅलेंडरवर, विहाराच्या भिंतीवर, जाड पुस्तकांत. आपण हात जोडतो आणि पान उलटतो. माझं म्हणणं एवढंच, की पान उलटण्याआधी जरा थांबा. दगडाच्या शेजारी बऱ्याचदा एक माणूस उभा असतो. डोक्याला मुंडासं, गुडघ्यापर्यंत धोतर, पाय अनवाणी. त्याच्याकडं बघा.

त्याला तिथं हौसेनं उभं केलेलं नाही. खांब किती उंच, कमान किती रुंद, हे लांबच्या वाचकाला कळावं म्हणून तो उभा आहे. फोटोखाली लेण्याचं नाव असतं, फोटो काढणाऱ्याचं नाव असतं, कधी सालही असतं. या माणसाचं नाव नसतं. तो माप आहे. शिंप्याचा गज असतो तसा.

आता हे फोटो आले कुठून ते बघू. १८३९ साली पॅरिसात फोटोची युक्ती जाहीर झाली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफीची सोसायटी निघाली. १८५५ च्या सुमारास कंपनी सरकारच्या लंडनच्या मालकांनी ठरवलं, की जुन्या इमारतींची चित्रं हातानं काढण्यापेक्षा कॅमेरा बरा. काम लवकर होतं, खर्च कमी, चूक कमी. देश ताब्यात घेतला होता, आता त्याची यादी करायची होती. आपली लेणी त्या यादीत गेली.

अजिंठ्याला मद्रास फौजेतला रॉबर्ट गिल नावाचा अधिकारी १८४४ साली भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करायला पाठवला. वर्षानुवर्षं त्यानं तेलरंगात नकला केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. गिलनं कॅमेराही हाती घेतला होता. १८६४ साली त्याचे ७४ फोटो आणि फर्ग्युसनचा मजकूर असं लेण्यांवरचं पुस्तक लंडनला निघालं.

आपण कामगार माणसं. फोटो हेही एक काम आहे, ते कसं चालायचं ते समजून घ्या. काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण पसरायचं. अंधारात ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची. ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुऊन काढायची. म्हणजे काचा, बाटल्या, अंधाराचा तंबू आणि पाणी, सगळं लेण्यापर्यंत न्यायला हवं. साहेब डोक्यावर ओझं घेऊन डोंगर चढत नव्हता. शिवाय काचेवर उजेड काही सेकंद पडू द्यावा लागे. तेवढ्यात माणूस हलला की धूर झाल्यासारखा दिसायचा. म्हणून त्याला हुकूम, हलू नकोस. तो हलला नाही, म्हणून आज आपल्याला दिसतोय.

पण फोटो काढणारा गोराच असायचा असंही नाही. लाला दीनदयाळ रुरकीला शिकलेले, इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढणारे. त्यांनी काढलेले मध्य हिंदुस्थानातल्या स्मारकांचे फोटो लेपेल ग्रिफिनच्या १८८६ च्या ग्रंथात आहेत. त्यांचं नाव इतिहासात आहे आणि ते असायलाच पाहिजे. तेव्हा प्रश्न नुसत्या कातडीच्या रंगाचा नाही. कॅमेऱ्यामागं उभा राहणारा नाव घेऊन उभा राहतो. समोर उभा केलेला नावाशिवाय उभा राहतो.

आता दगडाकडं या.

सांचीचा मोठा स्तूप १८१८ साली इंग्रजांच्या नजरेस पडला. १८२२ साली पोटात काय आहे ते बघायला तो एका बाजूनं वरपासून खालपर्यंत फोडला. पुढं पश्चिमेचं तोरण कोसळलं. दक्षिणेचं आधीच पडलेलं होतं. १८८१ नंतर दुरुस्ती होऊन दोन्ही पुन्हा उभी राहिली आणि १९१२ ते १९१९ या काळात जॉन मार्शलनं बाकीचं काम केलं. त्याआधीचे फोटो म्हणूनच मोलाचे. जखम कुठं होती आणि टाका कुठं घातला, ते त्यात दिसतं.

त्या पडलेल्या दक्षिण तोरणावर काय कोरलंय? विदिशेच्या दंतकारांनी, म्हणजे हस्तिदंताचं काम करणाऱ्यांनी, हे कोरीवकाम केलं, असं तिथं ब्राह्मी अक्षरांत आहे. त्याच तोरणावर आनंदाचं दान आहे. हा आनंद वासिष्ठीचा पुत्र, राजा सिरि सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख. आपल्या भाषेत मुकादम. सांचीच्या कठड्यांवर आणि फरशांवर अशी शेकडो दानं आहेत. भिक्खुणींची, गृहिणींची, व्यापाऱ्यांची.

आता आपल्या घाटावर या. कार्ल्याच्या चैत्यात उषवदाताचा लेख आहे. हा क्षत्रप नहपानाचा जावई, त्यानं भिक्खूंना गाव दान दिलं. त्याच लेण्यात धेनुकाकटचा सुतार सामि याचाही लेख आहे. दाराचं काम त्यानं केलं असं दगडात लिहिलंय, त्याच्या बापाचं नावही आहे. राजाचा जावई आणि सुतार एकाच छताखाली, एकाच लिपीत.

इथं कुणी म्हणेल, दान दिलं म्हणून नाव आलं. बरोबर आहे. ज्यानं नुसती छिन्नी चालवली आणि दान द्यायला ज्याच्याकडं काही नव्हतं, त्याचं नाव तिथंही नाही. जुना काळ सोन्याचा होता असं मी म्हणत नाही. पण त्या काळी सुताराचं, हस्तिदंतवाल्याचं नाव दगडात कोरावं इतकी जागा धम्मात होती. दोन हजार वर्षांनी त्याच दगडापुढं त्याच्यासारखाच राबणारा माणूस उभा केला, तर त्याचं नाव विचारावं असं कुणाला वाटलं नाही. मधल्या काळात लेणी ओस पडली, धम्म हटला आणि राबणाऱ्याला जात चिकटली. साहेबाला हा माणूस असाच तयार मिळाला. हुकूम ऐकणारा, नाव न सांगणारा.

आणि ही लेणी पाहायला आपण निघालो तेव्हा? १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांना घेऊन वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला. प्रवासाच्या धुळीनं माखलेले म्हणून दाराजवळच्या हौदावर हातपाय धुतले, तर पाणी बाटवलं म्हणून दंगा झाला. शेवटी किल्ला बघू दिला तो पाण्याला शिवायचं नाही या अटीवर. लंडनच्या वाचकानं गिलचे फोटो घरबसल्या बघितले त्याला तेव्हा सत्तर वर्षं झाली होती.

मी गिरणीत काम करतो. तिथं माझी ओळख म्हणजे बिल्ल्याचा नंबर. हजेरीबुकात नंबर, पगाराच्या पाकिटावर नंबर. म्हणून त्या फोटोतला माणूस मला परका वाटत नाही. त्याचं नाव आता सापडायचं नाही, ते काम हातातून गेलं. पण आपल्या हातात आहे ते तरी जाऊ देऊ नका.

आपल्या वस्त्यांत पेट्यांच्या तळाशी फोटो पडलेत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला गेलेल्यांचे. नामांतराच्या मोर्चाचे. विहाराच्या पायाभरणीचे. मधे उभ्या पुढाऱ्याचं नाव सगळ्यांना पाठ असतं. कडेला पाण्याची घागर घेतलेली बाई कोण, झेंड्याची काठी धरलेला पोरगा कुणाचा, हे सांगणारी म्हातारी माणसं एकेक करून चाललीत. या रविवारी त्यांच्याजवळ बसा. फोटो पुढं ठेवा, बोट ठेवून विचारा, हा कोण, ही कोण. आणि मागं लिहा: नाव, गाव, साल, काम काय करत होते. पेन्सिलीनं लिहा, शाई पुढच्या बाजूला फुटते.

जयभीम.